एक विडी, दहा सेकंद

सोलापूरच्या पूर्व भागात दुपारी गल्लीतून चाललं की एका घरातून यंत्रमागाचा खडखडाट येतो आणि शेजारच्या दारातून ओल्या पानांचा उग्र वास. उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बायका विड्या वळत असतात. मी ज्या अक्कांकडे गेलो होतो त्या सुनेशी तेलुगूत बोलत होत्या, माझ्याशी सोलापुरीत. "नुसतं काय बघायलाव? बसा की, एक वळून बघा."

बसलो.

पान तेंदूचं, म्हणजे टेंभुर्णीचं. (सोलापूरकराला टेंभुर्णी म्हटलं की पुण्याच्या रस्त्यावरचं गाव आठवतं, पण हे झाड.) उन्हाळ्यात गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात तोडलेलं पान वाळून इथं येतं. तसंच वळायला गेलं तर पापडासारखं मोडतं. पानातले सेल्युलोजचे धागे सुकल्यावर एकमेकांना घट्ट धरून बसतात. पाणी त्यांच्यामध्ये शिरलं की ती पकड सुटते, धागे सरकू लागतात आणि पान कापडासारखं वळतं. म्हणून ते आदल्या रात्री भिजवायचं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. विडी वाळली की धाग्यांची पकड पुन्हा बसते, पण आता नव्या आकारात. कपड्यावर पाणी शिंपडून इस्त्री केली की घडी टिकते, त्यातलाच प्रकार.

फर्मा ठेवून कात्रीनं पान कापलं, त्यावर चिमूटभर तंबाखू. ही चिमूट पाव ग्रॅमहूनही हलकी असते. सिगारेटमध्ये याच्या तिपटीहून जास्त तंबाखू असते. पान तिरकं गुंडाळलं, रुंद तोंडाच्या कडा नखानं आत दुमडल्या, निमुळत्या टोकाशी दोऱ्याचे वेढे. मी घड्याळ लावलं होतं: कापणी सोडून जेमतेम दहा सेकंद. अक्कांची नजर सबंध वेळ टीव्हीवर.

हा वेग येतो कुठून? १९५९ साली क्रॉसमन नावाच्या ब्रिटिश संशोधकानं यंत्रावर सिगार बनवणाऱ्या कामगारांच्या वेगाचा अभ्यास मांडला. सराव दुप्पट झाला की एका सिगारला लागणारा वेळ साधारण ठरावीक प्रमाणात घटतो, असं त्यात दिसलं. त्यामुळे सुरुवातीला प्रगती झपाट्यानं होते, नंतर मुंगीच्या पावलांनी. तरी लाखो सिगार झाल्यावरही हात सुधारतच होते. शेवटी आडवा आला तो यंत्राचाच वेग. इथं यंत्र नाही. दिवसाला हजार विड्या हा इथला नेहमीचा हिशेब, मजुरीही हजारावर. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर तीन लाख, वीस वर्षांत साठ लाख. एवढ्या आवर्तनांनंतर हालचालींचा ताबा विचार करणाऱ्या मेंदूकडून अनुमस्तिष्क (डोक्याच्या मागचा लहान मेंदू) आणि मेंदूच्या खोल भागांकडे गेलेला असतो. डोकं मोकळं राहतं. क्युबातल्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना वर्तमानपत्र, कादंबऱ्या मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस असे, तो याच मोकळ्या कानांसाठी. इथं ते काम मालिका करते.

पण हात पानाइतकेच ओले असतात, आणि ही गोष्ट मला जास्त खटकली. निकोटिन हे तंबाखूच्या झाडाचं किडींविरुद्धचं हत्यार. मुळांत तयार होतं, पानात साठतं. ते पाण्यात विरघळतं आणि कातडीतूनही शरीरात शिरतं. धूळ नाकातून जाते ती वेगळीच. शरीर निकोटिनचं कोटिनिन करतं, आणि कधीही विडी न ओढलेल्या, फक्त वळणाऱ्या कामगारांच्या लघवीतही ते सापडलेलं आहे. "हात धुता का मधे?" विचारलं तर त्या हसल्या. धुवायला उठलं की पाच-सहा विड्या गेल्या.

माझी विडी चार मिनिटांनी तयार झाली. पोट फुगलेलं, आणि एवढ्या वेळात पान सुकल्यामुळे मधोमध चीर. अक्कांनी ती उलगडली, तंबाखू सुपात झटकली आणि पान उजेडात धरून पाहिलं. चिरेच्या बाजूला कात्री लावली तर एक छोटी विडी निघेल का, याचा अंदाज त्या घेत होत्या.

"पान वजनावर देतात हो सर," म्हणाल्या.