न टिकणाऱ्या कापडाचा इतिहास

गोव्यात कापड सांभाळणं म्हणजे पावसाशी दरवर्षीचं भांडण. जूनमध्ये पेटी बंद करायची आणि चतुर्थीच्या आधी उघडायची. तेवढ्यात पांढऱ्यावर काळे ठिपके पडलेले असतात, जरीची तार हिरवी झालेली असते आणि घडीच्या रेषेवर कापड हात लावताच विरतं. डांबराच्या गोळ्यांनी कसर जाते, पण ओल जात नाही. राजस्थानात किंवा पैठणला आजेसासूचं लुगडं नातसुनेपर्यंत पोहोचतं. आमच्याकडे ते मुलीपर्यंत पोहोचलं तरी खूप.

फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचं काम समजून घ्यायचं तर सुरुवात या ओलीपासून करावी लागते. फॅशनच्या पुरवण्यांमध्ये त्यांचं नाव ‘रिसॉर्ट वेअर’शी जोडलं गेलं. पांढरे, सैल, समुद्रकाठी घालायचे कपडे ही त्यांची ओळख खरीच आहे. तरी गोव्यात त्यांनी मागे ठेवलेली गोष्ट वेगळी आहे. ज्या भूमीत कापड टिकत नाही, तिथे कापडाचा इतिहास लिहायचा कसा, याचं उत्तर ते वीस-पंचवीस वर्षं शोधत राहिले.

त्यांचा जन्म 28 मे 1960चा, मुंबईतला. कुटुंब मूळचं गोव्याचं, कॅथलिक. आधी शिकले ते खानपान व्यवस्थेचं. 1980च्या दशकात मस्कतला पोलीस अधिकाऱ्यांच्या क्लबमध्ये नोकरी केली आणि तिथे साठवलेल्या पैशांतून लॉस एंजेलिस व पॅरिसला जाऊन फॅशनचं शिक्षण घेतलं. आखातात पैसा मिळवायचा आणि गावात घर बांधायचं हा गोवेकराचा ठरलेला मार्ग. यांनी त्या पैशांतून शिवणकला शिकली, म्हणजे घरच्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते! परतल्यावर गार्डन वरेली, लॅक्मे अशा कंपन्यांसाठी काम, मग स्वतःचं लेबल. 1993मध्ये ते मुंबई सोडून बार्देशमधल्या कोलवाळला आले. शापोरा नदीकाठचं हे गाव त्या वेळी कोणाच्याच फॅशनच्या नकाशावर नव्हतं.

गोव्याच्या पोशाखाचा अभ्यास करायचा तर जुने कपडे हवेत, आणि गोव्यात ते नव्हते. जे होतं ते चर्चच्या कपाटांत, पाद्र्यांच्या भरजरी झग्यांच्या रूपात. शेतकरणीचं कापड कोण जपून ठेवणार? ते फाटेपर्यंत नेसायचं, फाटलं की गोधडीला लावायचं, तिथून पोतेऱ्याला. रॉड्रिक्स यांनी लिस्बनच्या पोशाख संग्रहालयात काही काळ काम केलं, तिथल्या आणि इतर ठिकाणच्या नोंदी चाळल्या. गोव्याच्या कापडाचा माग गोव्याबाहेर, आणि तोही कापडापेक्षा कागदावर जास्त सापडतो.

यातला सगळ्यात जुना मोठा ऐवज रोममध्ये आहे. कासानातेन्से ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात 76 जलरंगचित्रं आहेत. काळ साधारण 1540चा, चित्रकार भारतीय, नाव अज्ञात. ती गोव्यातच रंगवली गेली असावीत असं अभ्यासक मानतात. चित्रांवर पोर्तुगीजमध्ये ओळी लिहिल्या आहेत आणि आफ्रिकेपासून चीनपर्यंतच्या माणसांचे पोशाख त्यात दिसतात. त्यांच्यात गोव्याचे ‘कानारी’ही आहेत, म्हणजे आपलेच शेतकरी. त्यानंतर येतो डच प्रवासी लिन्शोटेन. 1583 ते 1588 अशी पाच वर्षं तो गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकून होता. डोळे उघडे ठेवून बसलेला कारकून फार धोकादायक असतो. 1596मध्ये ॲमस्टरडॅमला त्याचं प्रवासवर्णन छापून आलं, ते पोर्तुगिजांच्या व्यापारी गुपितांसकट. त्यातल्या कोरीव चित्रांमध्ये गोव्याचा बाजार आहे, पालखीतले फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज उमराव आहेत आणि तोकडं कापड गुंडाळलेला नांगरधारी कानारीही आहे. ही चित्रं युरोपीय डोळ्यांनी काढलेली, त्यामुळे माणसांचे स्नायू ग्रीक पुतळ्यांसारखे आलेत. नेसणं मात्र बऱ्यापैकी ओळखू येतं.

कागद इथे टिकतो म्हणावं तर तसंही नाही. भारतातला पहिला छापखाना 1556मध्ये गोव्यात आला. खरं तर तो अबिसीनियाला चालला होता, वाटेत इथेच राहिला. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण 1616मध्ये राशोलला छापलं गेलं, मराठीत पण रोमन लिपीत, आणि त्याच शतकात आणखी दोनदा निघालं. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कोणाच्या हाती नाही, आपल्यापर्यंत आलं ते हस्तलिखित नकलांमुळे. म्हणजे कागदसुद्धा इथून उचलून रोमला, लिस्बनला, ॲमस्टरडॅमला गेला तरच वाचला, नाहीतर कोणीतरी पुन्हा पुन्हा उतरवून काढला म्हणून.

पुन्हा पुन्हा उतरवून काढण्यावरून आठवलं. गोव्यातल्या काही हिंदू घरांमध्ये चतुर्थीला मातीची मूर्ती आणत नाहीत. कुठे पत्री पुजतात, कुठे कागदावर काढलेला गणपती. इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या कॅथलिक धर्मन्यायासनाच्या काळात मूर्ती घरात सापडली तर संकट, म्हणून हा मार्ग निघाला असं पिढ्यानपिढ्या सांगितलं जातं. कागद घडी घालून लपवता येतो, वेळ आली तर चुलीत टाकता येतो. आता भीती गेली, कागद राहिला. या घरांमधली मंडळी स्वतःला कलाकार म्हणवून घेणार नाहीत, पण कागदावरच्या चित्रकलेची गोव्यातली सगळ्यात चिवट परंपरा बहुधा देवघरातलीच असावी.

जसा कागद, तसंच कापडही राज्यकर्त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. गोव्यात इन्क्विझिशन 1560मध्ये आलं आणि 1812मध्ये कायमचं गेलं. या काळातला 1736चा एक जाहीरनामा वाचण्यासारखा आहे. बाटलेल्या लोकांनी हिंदू चालीरीती सोडाव्यात म्हणून त्यात लांबलचक यादी दिली आहे. मीठ न घालता भात शिजवू नये, इतक्या बारकाव्यापर्यंत. त्याच यादीत पुरुषांचं पुडवें, म्हणजे धोतर, आणि बायकांची चोळीही येते. माणूस कोणता देव मानतो हे चुलीवरून आणि नेसण्यावरून ओळखू येतं, हे त्या न्यायासनाला पक्कं ठाऊक होतं.

बंदी आली म्हणून लोक उघडे फिरले नाहीत, नवं काहीतरी घडलं. वरच्या वर्गातल्या कॅथलिक बायकांचा पानू-बाजू हा त्याचा सुंदर नमुना. यातला ‘पानू’ म्हणजे पोर्तुगीज ‘पानो’, कापड. ‘बाजू’ मलाय भाषेतून आलेला, अंगरखा. मखमल किंवा रेशमाचा, जरीकाम केलेला सैल बाजू, खाली गुंडाळलेलं वस्त्र, खांद्यावर तुवालो, म्हणजे शाल. मांडो या गोव्याच्या कॅथलिक गाण्या-नाचात एकोणिसाव्या शतकापासून हाच वेष दिसतो. लिस्बनचा शब्द, मलाक्क्याचा काट आणि नेसण्याची पद्धत पार आपल्या ओळखीची. गोव्याचा सगळा व्यापारी इतिहास एका बाईच्या अंगावर.

दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतल्या कुणबी बायका मात्र या सगळ्यापासून बऱ्याच लांब राहिल्या. धर्म बदलला तरी कापड बदललं नाही. त्यांना खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात गुडघाभर चिखलात उभं राहायचं होतं, तिथे पानू-बाजू काय कामाचा?

कुणबी कापड हे त्याचं नाव, साडी हा शब्द नंतरचा. लाल आणि पांढऱ्या सुताच्या चौकटी, जाडसर वीण, कडेला गडद काठ. मागावर या चौकटी काढणं अवघड नाही. उभ्या धाग्यांमध्ये रंगांचा क्रम लावून घ्यायचा आणि आडव्या धाग्याचे धोटे त्याच हिशेबाने बदलत जायचं. ना बुट्टी, ना पदरावर मोर. कौशल्य असतं ते नेसण्यात. गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढंच, आणि खांद्यावर पुढचं-मागचं टोक ओढून मारलेली घट्ट गाठ. तिला देठली म्हणतात. टाचणी नाही, पिन नाही. हात मोकळे राहतात, वाकलं तरी पदर घसरत नाही आणि पोर झोपवायला झोळी हवी असेल तर तेच कापड कामाला येतं.

19 डिसेंबर 1961ला गोवा मुक्त झाला. त्यानंतरची गोष्ट लिहिताना थोडं अवघडायला होतं, कारण कुणबी कापड इन्क्विझिशनने मारलं नाही. त्याला मारलं ते स्वस्त गिरणीच्या कापडाने, यंत्रमागाच्या नकलेने, नायलॉनने आणि ‘हे नेसून कॉलेजात कशी जाऊ’ या अगदी रास्त प्रश्नाने. ज्या वेषावरून लोक आपल्याला खालचं समजतात, तो वेष मुलीने सोडला म्हणून तिला दोष देणार कोण? गावडा, कुणबी, वेळीप या समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जाच मिळाला 2003 साली. तोपर्यंत कापड अंगावरून उतरून रंगमंचावर गेलं होतं. पर्यटकांसमोर कुणबी नाच करताना नेसायचं, कार्यक्रम संपला की पिशवीत.

रॉड्रिक्स यांनी 2010मध्ये दिल्लीच्या फॅशन वीकमध्ये कुणबी चौकटी नव्याने आणल्या. लांबी वाढवून कापड घोट्यापर्यंत आणलं, पोत मऊ केला, लाल सोडून इतर सौम्य रंगही आणले. वर्तमानपत्रांनी ‘पुनरुज्जीवन’ असं लिहिलं. माझं मत विचाराल तर तो शब्द जरा मोठा झाला. ज्या बाईचं हे कापड, तिच्या अंगावर ते परतलं नाही. ते पणजीतल्या आणि मुंबईतल्या डॉक्टरणी-वकिलिणींच्या कपाटात गेलं. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याआधी गोव्याला स्वतःचं असं हातमागाचं कापड होतं, हेच शहरातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. आता निदान नावाने मागणी होते, आणि मागणी असली तरच कोणी मागावर बसतं. त्यांनी या कापडाला पेटंटसारखं आपलं म्हटलं नाही, हेही नोंदवायला हवं. नंतर अनेकांनी त्यात हात घातला, काहींनी बरं काम केलं, काही जण चौकटी छापून मोकळे झाले. विणलेलं आणि छापलेलं ओळखायचं असेल तर कापड उलटून पाहा, विणलेल्या चौकटी दोन्ही बाजूंनी सारख्याच असतात.

2012मध्ये गोव्याच्या पोशाखावरचं त्यांचं मोठं पुस्तक आलं, ‘मोडा गोवा’. त्याच वर्षी आत्मचरित्रही. 2014मध्ये पद्मश्री. 2016च्या सुमारास त्यांनी लेबल आपल्या सहकारी शुलेन फर्नांडिस यांच्याकडे सोपवलं आणि स्वतः गोव्याच्या पोशाखाचं संग्रहालय उभारण्याच्या मागे लागले. त्यासाठी दिलं काय, तर राहतं घर. कोलवाळचं काझा दोना मारिया, साडेचार शतकं जुनं म्हणतात ते. स्वतः गावातच दुसऱ्या, लहान घरात गेले. 12 फेब्रुवारी 2020 रोजी तिथेच त्यांचं निधन झालं, वयाची साठी पूर्ण व्हायला काही महिने बाकी असताना. संग्रहालय उघडलेलं त्यांनी पाहिलं नाही.

देठली कशी मारतात हे पाहायला मी एकदा केपे तालुक्यातल्या एका वाड्यावर गेले होते. सत्तरीच्या पुढची एक बाई ओसरीवर बसून चिंच फोडत होती. तिच्याकडे जुनं कापड उरलेलं नव्हतं, पण गाठ दाखवते म्हणाली. आधी टॉवेल घेतला, तो आखूड पडला. मग आतून सुनेची नायलॉनची साडी आणली, खांद्यावर दोन टोकं घेतली, ओढली, गाठ मारली. गाठ सुटली. पुन्हा मारली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा तिने साडी माझ्या मांडीवर टाकली आणि चिंचेकडे वळली.

“हाका गांठ रावना गे,” म्हणाली. “कापूस जाय.” याला गाठ टिकत नाही, कापूस हवा.