ओपन कॉलचं प्रदर्शन आणि क्युरेटरचा सर्व्हे: दोन्हीकडे 'इथले कलाकार', पण भानगड वेगळी

मागे एका चित्रकार मैत्रिणीचा मेसेज आला, "यंदा बिएनिअलमध्ये रिजेक्ट झाले गं." मी विचारलं एन्ट्री कधी पाठवलेलीस, मला बोलली नाहीस ते. तर म्हणे एन्ट्री कसली, यादी जाहीर झाली, त्यात माझं नाव नाही. आता याला काय रिजेक्ट होणं म्हणतात का! पण हसू नका, कारण हा घोळ चित्रकारांचाच काय, बघायला जाणाऱ्यांचा आणि बातम्या लिहिणाऱ्यांचाही कायम होतो. म्युझियम दर दोन-तीन वर्षांनी आपल्या भागातल्या आजच्या कलाकारांचं एक मोठं प्रदर्शन भरवतं, बाहेर बॅनर लागतो, आत पन्नास-शंभर नावं, आणि आपल्याला वाटतं हे सगळं एकाच जातीचं. तर तसं नाहीये. यात दोन अगदी वेगळे प्रकार आहेत आणि नावावरून ते ओळखता येत नाहीत, कारण बिएनिअल किंवा ट्रायएनिअल म्हणजे फक्त दोन वर्षांनी की तीन वर्षांनी एवढंच, आतमध्ये निवड कशी झाली ते त्यातून काहीच कळत नाही.

मी एकच प्रश्न विचारते: आधी कोण कुणाकडे गेलं? कलाकाराने आपलं काम म्युझियमकडे पाठवलं, की म्युझियमचा माणूस कलाकाराच्या स्टुडिओत आला? बाकी सगळा फरक या एका गोष्टीतून निघतो.

पहिला प्रकार म्हणजे ओपन कॉल, ज्युरी (निवड करणारं मंडळ) असलेलं प्रदर्शन. तारीख जाहीर होते, फॉर्म भरायचा, कामाचे फोटो अपलोड करायचे, माप, माध्यम, किंमत लिहायची, बऱ्याच ठिकाणी फी भरायची आणि मग वाट बघत बसायचं. याचं जुनं आणि सगळ्यात नावाजलेलं उदाहरण म्हणजे लंडनच्या रॉयल अकॅडमीचं समर एक्झिबिशन, १७६९ पासून एकही वर्ष न चुकता चालू आहे (ते म्युझियम नाही आणि कुठल्या एका भागापुरतंही नाही, पण पद्धत तीच). तिथे ज्युरीसमोरून कामं एकामागून एक जातात आणि प्रत्येकावर अक्षर पडतं: 'ए' म्हणजे घेतलं, 'एक्स' म्हणजे नाही, आणि 'डी' म्हणजे डाउटफुल, बघू, जागा उरली तर लावू. मला हा 'डी' फार आवडतो. आपल्या कामाचं भवितव्य भिंतीवर किती इंच मोकळे राहिले त्यावर अवलंबून, असं उघडपणे सांगणारी पद्धत दुसरीकडे क्वचितच असेल.

म्युझियमचं आणि ठरावीक प्रदेशाचं उदाहरण हवं तर सॅन फ्रान्सिस्कोचं डी यंग म्युझियम घ्या. २०२० मध्ये म्युझियमला १२५ वर्षं झाली म्हणून त्यांनी 'डी यंग ओपन' काढलं, अट एवढीच की तुम्ही बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या, नऊ काउंट्यांपैकी (जिल्ह्यांपैकी) कुठेतरी राहता. साडेअकरा हजारांच्या आसपास कामं आली, त्यातली ८७७ लागली, म्हणजे शंभरात सात-आठ. आणि लावली कशी, तर पॅरिसच्या जुन्या सलाँ या मोठ्या चित्रप्रदर्शनासारखी, जमिनीपासून छतापर्यंत भिंत भरून, चित्राला चित्र खेटून. ८७७ कामं दुसरी कशी लावणार म्हणा. एका कलाकाराचं एखादंच काम, तेही डोक्याच्या चार फूट वर, आणि शेजारी कोण येणार ते तुमच्या हातात नाही.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. ओपन कॉलमध्ये पहिल्या फेरीत ज्युरी चित्र बघतच नाही, चित्राचा फोटो बघते. हजारो फोटो, प्रत्येकाला काही सेकंद. जाड रंगाचे थरावर थर दिलेलं चित्र असेल, ज्याची खरी मजा बाजूने उजेड पडला की दिसते, तर फोटोत ते चिखलासारखं दिसतं. काचेमागचं काम असेल तर त्यात फोटो काढणाऱ्याचाच चेहरा आणि मागचा पंखा. दहा मिनिटांचा व्हिडिओ असेल तर तो पूर्ण कोण बघणार. उलट सपाट, स्पष्ट, रंग उठून दिसणारं, फ्रेममध्ये बसणारं काम सहज पुढे सरकतं. ज्युरी वाईट असते असं नाही, पण चाळणीची भोकंच त्या आकाराची आहेत. म्हणून अशा प्रदर्शनात गेलात आणि सगळी चित्रं थोडी एकसारखी वाटली तर लगेच 'या भागात असंच काम होतं' असा निष्कर्ष काढू नका.

दुसरा प्रकार, क्युरेटरचा सर्व्हे. क्युरेटर म्हणजे प्रदर्शनात कोण आणि काय असावं ते ठरवणारा माणूस. लॉस एंजेलिसच्या हॅमर म्युझियमचं 'मेड इन एल.ए.' हे त्याचं आजचं ठळक उदाहरण, २०१२ पासून साधारण दर दोन वर्षांनी होतं (महामारीमुळे २०२० चं २०२१ मध्ये उघडलं आणि तरी नाव २०२० च ठेवलं). इथे दर वेळी क्युरेटर बदलतात, बहुतेकदा दोघं असतात, आणि ते शहरभर स्टुडिओ पालथे घालत फिरतात, एक कलाकार दुसऱ्याचं नाव सांगतो, तो तिसऱ्याचं, आणि शेवटी यादी बनते. पहिल्या वेळी ६० कलाकार होते, २०१६ ला फक्त २६, २०२३ ला ३९. आकडे कमी का, तर एकेकाला पुरेशी जागा मिळावी म्हणून, कधी अख्खी खोली, कधी दहा-पंधरा कामं, कधी तर प्रदर्शनासाठी नवीनच काम करवून घेतलेलं. सोबत जाडजूड कॅटलॉग, त्यात लेख. म्हणजे ओपन कॉलमध्ये काम निवडलं जातं आणि सर्व्हेत माणूस निवडला जातो, असं म्हटलं तरी चालेल.

यातून काय साधतं ते बघायचं तर लुचिता उर्तादो. व्हेनेझुएलात जन्मलेली, आयुष्यभर चित्रं काढलेली, पण लोकांना माहीत होती ती चित्रकार ली मलिकन यांची बायको म्हणून. नवरा गेल्यावर बऱ्याच वर्षांनी त्याच्या कामाची नोंद करताना 'एल. एच.' (उर्तादोच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला एच आहे, उच्चारात नाही) अशी सही असलेली चित्रं सापडत गेली, आणि नोंद करणाऱ्याला कळेना हे एल. एच. कोण, कारण बाई त्याला लुचिता मलिकन म्हणूनच माहीत. ती समोरच होती! २०१८ च्या 'मेड इन एल.ए.' मध्ये तिची चित्रं लागली तेव्हा ती ९७ वर्षांची होती. स्वतःच्या अंगाकडे वरून खाली बघितल्यावर जसं दिसतं तशी काढलेली चित्रं, पोट, पावलं, खाली सतरंजी, बाजूला एखादं फळ. पुढच्याच वर्षी लंडनला तिचं मोठं प्रदर्शन झालं, २०२० मध्ये ती गेली. आता सांगा, ९७ व्या वर्षी ती ऑनलाइन फॉर्म भरून, फोटोचं रिझोल्यूशन जुळवून, फी भरून एन्ट्री पाठवणार होती का? असा माणूस कुणीतरी दारात गेल्याशिवाय भेटत नाही.

पण याचा अर्थ सर्व्हे म्हणजे चांगला आणि ओपन कॉल म्हणजे हौशी लोकांचा मेळा, असं मी अजिबात म्हणत नाहीये. क्युरेटरही शेवटी ओळखीच्या रस्त्यानेच जातो. ज्याचं नाव कुणी सुचवलं नाही, जो कला महाविद्यालयात गेला नाही, जो गॅलऱ्यांच्या उद्घाटनाला जाऊन उभा राहत नाही, त्याच्या दारात कुणी येत नाही, आणि तो वाट बघत असेल हेही कुणाला कळत नाही. ओपन कॉलमध्ये निदान दारावर थाप मारायची सोय आहे.

मग 'नाही' चा अर्थही दोन्हीकडे वेगळा होतो, जो माझ्या मैत्रिणीला कळत नव्हता. ओपन कॉलचा नकार हा त्या एका कामाला, त्या वर्षीच्या ज्युरीकडून आलेला नकार असतो. याचा मस्त किस्सा म्हणजे २०१८ चं समर एक्झिबिशन. बँक्सी, म्हणजे खरं नाव लपवून भिंतींवर चित्रं काढणारा जगप्रसिद्ध कलाकार, त्याने वेगळ्याच टोपणनावाने एक काम पाठवलं, ते नाकारलं गेलं. महिन्याभराने त्या वर्षीचे मुख्य आयोजक ग्रेसन पेरी यांच्याकडून बँक्सीला त्याच्या खऱ्या, म्हणजे त्याच्या प्रसिद्ध खोट्या, नावाने विचारणा झाली की आम्हाला काहीतरी द्याल का, तर त्याने तेच काम पुन्हा पाठवलं आणि ते लागलं, वर किंमत ३५ कोटी पौंड लिहून. काम तेच, इमारत तीच, फक्त दार बदललं. आमंत्रणाच्या दाराने नाव आत येतं आणि एन्ट्रीच्या दाराने फोटो.

पैशाचा हिशोब थोडक्यात. ओपन कॉलमध्ये कामं बहुतेकदा विक्रीला असतात, रॉयल अकॅडमी त्यावर कमिशन घेते, डी यंगने मात्र विक्रीचे सगळे पैसे कलाकाराला दिले. सर्व्हेत भिंतीवर किंमत नसते, म्युझियम स्वतः काम विकत घेतं कधी कधी, आणि मोठं बक्षीस असू शकतं. हॅमरचं मोन अवॉर्ड एक लाख डॉलरचं आहे, न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या बिएनिअलचं बक्सबॉम अवॉर्डही तेवढंच, ते २००० पासून. हॅमरने २०१२ ला एक गंमत केली, ज्युरीने पाच जण निवडायचे आणि विजेता बघायला येणाऱ्यांनी मत देऊन ठरवायचा. चित्रकार मेलेको मोकगोसी जिंकले, पण कलाकारांवर मतं मागायची वेळ येते म्हणून बरीच टीका झाली, आणि २०१४ पासून मुख्य बक्षीस ज्युरीकडे गेलं, लोकांच्या मतासाठी वेगळं छोटं बक्षीस ठेवलं. क्युरेटरने दीड वर्ष फिरून केलेल्या यादीवर शेवटी रिअॅलिटी शोचा क्लायमॅक्स चिकटवला की असंच होणार.

'इथले' या शब्दातही फरक आहे. ओपन कॉलमध्ये इथले म्हणजे पत्त्याचा पुरावा. सर्व्हेत इथले म्हणजे क्युरेटरचं म्हणणं, तो दर वेळी सीमा नव्याने आखतो. ओरेगनमधल्या पोर्टलंड आर्ट म्युझियमने ओरेगन बिएनिअल २००६ नंतर बंद केली आणि २००८ पासून 'कंटेम्पररी नॉर्थवेस्ट आर्ट अवॉर्ड्स' नावाचं प्रदर्शन सुरू केलं, त्यात पाच राज्यं घेतली, ओरेगन, वॉशिंग्टन, आयडाहो, मोंटाना, वायोमिंग. प्रदेश पाचपट आणि कलाकार मूठभर. त्यामुळे प्रदर्शन जास्त नेटकं होतं हे खरं, पण त्याच गावातला चित्रकार म्हणणारच की आमचं प्रदर्शन गेलं. क्लीव्हलँडच्या म्युझियमचा 'मे शो' तर १९१९ ते १९९३ चालला, भागातल्या कलाकारांनी कामं पाठवायची, ज्युरीने निवडायची, लोकांनी तिथेच विकत घ्यायची. अशी वार्षिकं बंद पडत गेली त्याला एक साधं कारण होतं, म्युझियममध्ये आधुनिक कलेचे पूर्णवेळ क्युरेटर आले आणि त्यांना दुसऱ्याने पाठवलेल्या ढिगातून निवडण्यापेक्षा स्वतःचं म्हणणं मांडायचं होतं. आता डी यंगसारखे लोक पुन्हा दार उघडतायत.

मधले प्रकारही असतात, त्याने अजून गोंधळ होतो. व्हिटनीने १९३२ ला पहिली बिएनिअल केली तेव्हा ज्युरी नाही, बक्षीस नाही, बोलावणार म्युझियम पण कुठलं चित्र पाठवायचं ते चित्रकारच ठरवणार. १९१७ ला न्यूयॉर्कच्या सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्सने तर त्याच्याही पुढे जाऊन सहा डॉलर भरा आणि काहीही लावा असं सांगितलं, आणि फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँने कलाकृती म्हणून पाठवलेलं मुतारीचं भांडं आलं तेव्हा नेमकं तेच लावलं नाही. काही सर्व्हे आजकाल ऑनलाइन अर्जही मागवतात, पण तो अर्ज म्हणजे 'आमच्याकडे बघायला या' एवढाच, पुढचं सगळं क्युरेटरच्या मनावर.

मैत्रिणीला एवढं सगळं सांगितलं नाही, फोनवर कोण ऐकतं. फक्त म्हटलं, सीव्हीत 'निवड' आणि 'आमंत्रित' असे दोन वेगळे रकाने कर, आणि रिजेक्शनचा हिशोब ठेवत असशील तर हे त्यातून काढून टाक. थोड्या वेळाने तिचा रिप्लाय, "मग मला वाईट कशाचं वाटून घेऊ?" मी म्हटलं ते आता तूच बघ बाई.