युद्धातला संयम कोणासाठी?

महाभारतात लढाई जुंपण्याआधी दोन्ही पक्ष नियम ठरवून घेतात. पळणाऱ्यावर वार करायचा नाही, सारथी आणि शंख-भेरी वाजवणारे यांना हात लावायचा नाही. शेवटी अश्वत्थामा झोपलेल्यांना कापून काढतो. नियम मोडले गेले याची हळहळ आपण आजही करतो. ते कोणाकोणाला लागू होते, हे मात्र फारसं विचारत नाही. युद्धाच्या नियमांच्या इतिहासाचं मर्म मला तिथेच दिसतं.

११३९ मध्ये रोमच्या लॅटरन धर्मसभेने धनुर्विद्येचा वापर निषिद्ध ठरवला, पण फक्त ख्रिश्चनांविरुद्ध. परक्यांचं काय, याबद्दल अवाक्षर नाही.

१८६० च्या दशकात रशियन सैन्याने दारूगोळ्याच्या गाड्या उडवण्यासाठी स्फोटक गोळी तयार केली. पुढे तिच्यात असा बदल झाला की मऊ वस्तूवर, म्हणजे माणसाच्या अंगातही, ती फुटू लागली. हत्यार हाताशी असूनही रशियानेच इतर देशांना बोलावलं आणि १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्यात ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्यांवर बंदी आली. त्यामागचा विचार साधा होता: शत्रू जायबंदी झाला की तो लढाईतून बाद झाला, मग त्याच्या यातना वाढवून काय साधायचं? मला हा क्षण फार मोठा वाटतो. तरीही बंधन सही करणाऱ्यांच्या आपसातल्या युद्धापुरतंच होतं.

१८९९ च्या हेग परिषदेत हे उघडं पडलं. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यावरून नाव पडलेली, शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी बंद करायचा प्रस्ताव आला तेव्हा ब्रिटनने विरोध केला. साध्या गोळीने ‘सुसंस्कृत’ सैनिक थांबतो, ‘रानटी’ माणूस थांबत नाही, असा युक्तिवाद होता. वसाहतीतल्या माणसाचं दुखणं हिशोबातच नव्हतं.

युद्धातले जखमी, कैदी आणि नागरिक यांना संरक्षण देणाऱ्या १९४९ च्या जिनिव्हा करारांनी ‘आपले’ आणि ‘परके’ यांच्यातली ही भिंत बरीचशी पाडली. सर्व परिस्थितीत पालन करू, असं देशांनी मान्य केलं. यादवी युद्धातही किमान नियम लागू झाले.

पण कागद बंदुकीपर्यंत पोचायला माणूस लागतो. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममधल्या माय लाय गावात अमेरिकी सैनिक गावकऱ्यांना मारत सुटले होते. ह्यू थॉम्प्सन या अमेरिकी वैमानिकाने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि आडोशाला लपलेले गावकरी यांच्या मधोमध उतरवलं. आपलेच लोक गावकऱ्यांवर गोळ्या झाडू लागले तर त्यांच्यावर झाडा, असं त्याने साथीदारांना बजावलं आणि त्या गावकऱ्यांना बाहेर काढलं. त्याबद्दल त्याला सोल्जर्स मेडल मिळालं ते १९९८ मध्ये.