गल्ला, भटारखाना आणि पाटीवरचे नाव

बाणेरला किंवा कोरेगाव पार्कात नवे रेस्टॉरंट उघडले की पदार्थांच्याही आधी ‘शेफ कोण?’ असे विचारले जाते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पुण्यात हा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आला नसता. या शहराने हॉटेल ओळखले ते गल्ल्यावर बसलेल्या माणसावरून. रांधणारा भटारखान्यातच राहिला. प्रसिद्धी, पाककौशल्य आणि मालकी ही तिन्ही एकाच माणसाच्या नावावर दिसू लागली ही अलीकडची गोष्ट आहे, आणि ती दिसते तितकी सरळही नाही.

त्याआधीचा काळ थोडक्यात आटोपता येतो. १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधील चहा-बिस्किटांवरून पुण्यातील नामवंतांवर ग्रामण्याची, म्हणजे जातिबहिष्काराची, वेळ आली आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. चहा कोणाच्या हातचा घेतला यावरून जिथे एवढे रामायण घडत होते, तिथे आचाऱ्याची पात्रता आधी जातीवरून आणि सोवळ्यावरून ठरे. हाताची चव हा त्यानंतरचा मुद्दा होता. पुढे विद्यार्थ्यांच्या खाणावळी आल्या, इराणी आले (डेक्कनवरचे त्यांचे प्रसिद्ध कॅफे १९३५ सालचे), दक्षिण कन्नडमधून उडुपी मालक आले. यांपैकी अनेक मालक कधीकाळी टेबलावर फडके मारून वर आले होते. पण नाव झाले ते गल्ल्यावर बसल्यावर. ‘वडेवाले’, ‘मिसळवाले’ यांतला ‘वाले’सुद्धा मालकच असतो. कढईशी उभ्या असलेल्या माणसाला कोणी त्या नावाने हाक मारीत नाही. ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीची पुष्कळ थट्टा झाली, पण तिच्यात एक प्रामाणिक कबुली होती: मालकाची नजर जेथवर पोहोचते तेथवरच चवीची हमी देता येते.

हे गणित मोडले ते दूरचित्रवाणीने. तोवर पाककलेत घरोघरी पोहोचलेली नावे गृहिणींची होती. १९७० साली निघालेले वाटी-चमच्याच्या मापांचे एक मराठी पुस्तक तर लग्न झालेल्या मुलीच्या सामानातच जाऊ लागले होते. १९९३ साली एका हिंदी खासगी वाहिनीवर पंचतारांकित हॉटेलातला, तिशीही न गाठलेला एक शेफ दर आठवड्याला दिसू लागला आणि गणवेशातला पुरुष मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात सल्लागार म्हणून शिरला. त्याच शेफचे पहिले रेस्टॉरंट १९९८ मध्ये दुबईला निघाले, पुढे साखळी झाली, २०११ मध्ये स्वतःची खाद्यवाहिनी आली आणि २०१७ मध्ये पद्मश्री. आजच्या बहुतेक शेफ मंडळींची कारकीर्द याच क्रमाने आखलेली दिसते: आधी हॉटेलातली नोकरी, मग पडदा, मग पुस्तक, मग मसाल्यांची पाकिटे, आणि नावाची पाटी सर्वांत शेवटी. मराठी वाहिन्यांनीही दुपारचे पाककृतींचे कार्यक्रम सुरू केले. त्यांतून घराघरात पोहोचलेल्या, मूळ केटरिंगमधल्या नागपूरच्या एका शेफने तर २०१७ साली सलग पन्नास तासांहून अधिक काळ रांधण्याचा विक्रमच केला. त्यांच्या नावाचे रेस्टॉरंट पुण्यातही आहे.

खरा गुंता ‘शेफ’ या शब्दात आहे. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ प्रमुख, म्हणजे हुद्दा, स्वयंपाकी नव्हे. मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये ही उतरंड अजून पाळली जाते: खाली कॉमी म्हणजे शिकाऊ मदतनीस, त्यावर एकेका विभागाचा शेफ द पार्ती, मग उपप्रमुख असलेला सू शेफ आणि सर्वांत वर एक्झिक्युटिव्ह शेफ. या वरच्या माणसाचा दिवस मालाची मागणी, खर्चाचे प्रमाण, ड्युटीचा तक्ता आणि कॉमीने चिरलेल्या कांद्याची तपासणी यांत जातो. झारा हातात येईलच असे नाही. मराठीत आल्यावर शब्दाचे दोन तुकडे झाले. एकीकडे हॉटेल मॅनेजमेंट करून आलेला प्रत्येक जण शेफ झाला. दुसरीकडे मंगल कार्यालयात भल्या पहाटे भट्टी पेटवून पाचशे पानांचा अंदाज मीठ न चाखता बांधणारा माणूस आचारीच राहिला. हुद्द्याच्या मूळ अर्थाने पाहिले तर शेफ तोच, कारण त्याच्या हाताखाली माणसे असतात आणि पंगत बिघडली तर शिव्या त्यालाच पडतात. तरी पत्रिकेवर नाव छापले जाते केटररचे. ‘सेलिब्रिटी शेफ’ या जोडशब्दात तर हुद्द्याला किचनचीही गरज उरलेली नाही.

मालकीचेही तसेच. रेस्टॉरंट चालवणाऱ्यासाठी मराठीत ‘हॉटेलवाला’ हाच शब्द आहे, आणि त्यात पैसा कोणाचा, जागा कोणाची, चव कोणाची हा भेद मावत नाही. फ्रँचायझीच्या करारात शेफ नाव, पाककृती आणि प्रशिक्षण देतो. गुंतवणूक, भाडे आणि पगार स्थानिक भागीदाराचे. शेफचे समर्थक म्हणतात की प्रमाणित पाककृती असल्यावर तो प्रत्यक्ष हजर असण्याची गरज नाही. जुने पुणेकर हे मान्य करीत नाहीत, आणि त्यांना अगदीच हट्टी म्हणता येत नाही. चव बिघडली तर तक्रार घेऊन जायचे कोणाकडे, एवढेच ते विचारतात.

त्याचे उत्तर बहुधा गल्ल्यामागच्या भिंतीवर चौकटीत लावलेले असते. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील, चौदा अंकी क्रमांकाचा तो परवाना अन्न व्यवसाय चालवणाऱ्याच्या नावे निघतो. फ्रँचायझीच्या ठिकाणी त्यावर सहसा भागीदाराचे किंवा कंपनीचे नाव असते. बाहेरच्या पाटीवर हसणाऱ्या शेफचे नसते. करार संपला की पाटी उतरते आणि मेनूकार्ड नव्याने छापले जाते. भटारखान्यातली माणसे मात्र अनेकदा तीच राहतात, आणि रस्साही तोच.