टूरेट म्हणजे शिवराळपणा नव्हे

टूरेट सिंड्रोम हा मज्जासंस्थेचा विकार: अंगाच्या हालचालींचे आणि आवाजाचे झटके आपल्या इच्छेविना पुन्हा पुन्हा येतात. पण 'टूरेट सिंड्रोम झालेला माणूस सारखा शिव्या देतो' हा समज इतका पसरलाय, की लक्षणे अंगावर असूनही कित्येकांना आपल्याला हा विकार असेल असे वाटतच नाही. प्रत्यक्षात नकळत अपशब्द तोंडून निघणे हे लक्षण साधारण दहा जणांत एखाद्यालाच असते. निदानासाठी ते लागतही नाही. अठरा वर्षांच्या आत सुरू झालेले हालचालींचे अनेक झटके, आवाजाचा किमान एक, आणि ते वर्षाहून अधिक काळ टिकलेले: एवढे पुरते.

मग शिव्या आल्या कुठून? पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्या हाताखाली काम करणाऱ्या जॉर्ज जिल द ला टूरेट यांनी 1885 मध्ये नऊ रुग्णांची वर्णने छापली. त्यात एका सरदार घराण्यातल्या बाईंची, इतार या फ्रेंच डॉक्टरांनी 1825 मध्येच नोंदवलेली हकिगत होती. भर मैफलीत त्यांच्या तोंडून अभद्र शब्द निघत. लोकांच्या लक्षात नेमके तेच राहिले!

खरा त्रास बघायचा तर वर्गातल्या मुलाकडे बघा. डोळे मिचकावतो, खांदा उडवतो, घसा खाकरतो. आधी आत एक हुरहुर दाटते, शिंक येण्याआधी नाकात होते तशी. थोडा वेळ ती दाबता येते, पण लक्ष सगळे त्यातच जाते. त्याला 'मुद्दाम करतोस' म्हणून रागावणे हा निव्वळ अन्याय आहे. मोठेपणी बऱ्याच जणांचे झटके कमी होतात.