टक लावली की चित्र विरतं का?

कोऱ्या कागदाच्या मधोमध पेनाने बारीक ठिपका काढा. त्याच्यापासून चार बोटांवर पेन्सिलीने अगदी फिकट छटा द्या आणि बोटाने चोळून तिच्या कडा पुसट करा. आता एक डोळा झाकून ठिपक्याकडे एकटक बघा. थोड्या वेळाने छटा विरू लागते, मग तिथे नुसता पांढरा कागद उरतो. नजर जरा हलली की छटा जागच्या जागी हजर!

स्विस वैद्य इग्नाझ ट्रॉक्सलर यांनी हे १८०४ मध्ये नोंदवलं होतं. डोळे थकले म्हणून असं होतं, असं वाटणं साहजिक आहे, पण कारण वेगळं आहे. दृष्टिपटलातल्या चेतापेशी मुख्यतः बदल टिपतात. तोच प्रकाश तसाच पडत राहिला की त्यांचे संदेश मंदावतात आणि मेंदू ती जागा आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो.

मग एरवी स्थिर भिंत दिसते कशी? कारण नजर रोखली तरी डोळा स्थिर नसतोच. तो सतत थरथरतो, हळूहळू सरकतो आणि सेकंदाला एखाददुसरा सूक्ष्म झटका घेतो. नजरेच्या केंद्रातली प्रत्येक पेशी इवल्याशा भागावर लक्ष ठेवते, त्यामुळे तिला एवढी हालचाल पुरते. कडेच्या पेशींचा टापू मोठा असतो. तिथे पुसट कड किंचित सरकली तरी फरक जाणवत नाही. ठळक रेघ मात्र सहजी विरत नाही.

१९५०च्या दशकात संशोधकांनी या हालचालीचा परिणामच काढून टाकला. कॉन्टॅक्ट लेन्सवर चिमुकला आरसा बसवून त्यांनी चित्र डोळ्याबरोबरच हलेल अशी सोय केली. काही सेकंदांत चित्र, अगदी ठळक रेघांचंसुद्धा, नाहीसं झालं.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती यापुढची गोष्ट. असं कायमचं स्थिर चित्र आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात आहे. दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढ्यात पसरलेल्या असतात. त्यांची सावली त्या पेशींवर पडते, पण ती डोळ्याबरोबरच फिरते, म्हणून जन्मभर दिसत नाही. डोळ्यांचे डॉक्टर तपासताना बाजूने प्रकाश टाकून हलवतात, तेव्हा सावली नव्या पेशींवर सरकते आणि फांद्या फुटलेल्या झाडासारखं जाळं क्षणभर समोर उभं राहतं. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं वर्णन केलं. प्रकाश एका जागी थांबला की जाळं लगेच पुसलं जातं.