कार्ड उलटून पाहिलं की

ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेत दोन जुनी बेसबॉल कार्डं, म्हणजे खेळाडूंची चित्रं छापलेले छोटे पुठ्ठे, विकली गेली. एक होनस वॅग्नरचं, १९०९च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटात घातलेलं. खाजगी व्यवहारात ते ७२ लाख ५० हजार डॉलरना गेलं. दुसरं मिकी मँटलचं, १९५२ साली बबलगमबरोबर विकलेलं. त्याला लिलावात १ कोटी २६ लाख डॉलर आले. आकड्यांचीच चर्चा जास्त झाली, पण या जोडीतली खरी गंमत निराळी आहे. पहिलं कार्ड दुर्मीळ झालं, कारण खेळाडूनेच ते छापायला हरकत घेतली. दुसऱ्याचे गठ्ठेच्या गठ्ठे त्या वेळी खपले नाहीत, आणि काही वर्षांनी ते समुद्रात बुडवावे लागले.

नवखा माणूस कार्ड हातात घेतो आणि चेहरा बघतो. जुना संग्राहक ते आधी उलटतो. मागे काय छापलंय त्यावरून कार्डाचं वय कळतं, ते कोणी काढलं हे कळतं, आणि मुख्य म्हणजे त्याच्या आडून काय विकलं जात होतं तेही कळतं. बेसबॉलचा इतिहास पुढच्या बाजूला आहे खरा, पण तो तिथे का आला आणि कोणाचा आला नाही, हे मागची बाजू बघितल्याशिवाय उमगत नाही.

सर्वांत जुन्या कार्डांमध्ये ज्याचं नाव हमखास निघतं ते १८६९चं, सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जचं. उघडपणे पगार देऊन खेळवलेला हा पहिला संघ. त्या वर्षी तो एकही सामना हरला नाही. कार्डावर संघाचा फोटो आहे आणि मागे न्यूयॉर्कच्या 'पेक अँड स्नायडर' या खेळसाहित्याच्या दुकानाची जाहिरात. बॅट-बॉल विकणाऱ्याने बॅट-बॉलवाल्यांचं चित्र वाटलं, इथवर सगळं सरळ होतं.

तंबाखू आली आणि गणित बदललं. जेम्स बोन्सॅकच्या सिगारेट वळणाऱ्या यंत्राला १८८१मध्ये पेटंट मिळालं. हाताने वळणारा कामगार दिवसभरात जेवढा माल काढी, तेवढा हे यंत्र काही मिनिटांत काढू लागलं. माल बेसुमार झाला, आता गिऱ्हाईक आपल्याकडे वळवायचं कसं? त्या काळची पाकिटं मऊ कागदाची असत. सिगारेटी चेपू नयेत म्हणून आत एक जाड पुठ्ठा घालत. त्या पुठ्ठ्यावर चित्र छापायची कल्पना निघाली. नट्या आल्या, पक्षी आले, झेंडे आले, मुष्टियोद्धे आले आणि त्यांच्यामागून बेसबॉलपटूही आले. रिचमंडच्या 'ॲलन अँड गिंटर'ने १८८७मध्ये ५० 'जगज्जेत्यां'चा संच काढला. त्यात बेसबॉलवाले फक्त दहा. बाकीच्यांत कुस्तीगीर, नावाडी, बिलियर्ड्सवाले आणि बंदुकीचा नेम धरणारी ॲनी ओकली. बेसबॉलला अजून स्वतःचा संच मिळायचा होता.

तो मिळाला 'ओल्ड जज' सिगारेटींच्या पाकिटांत. ही कार्डं मला फार आवडतात. त्या काळच्या कॅमेऱ्याला हलता खेळाडू टिपता येत नसे, म्हणून खेळाडूला स्टुडिओत, रंगवलेल्या पडद्यापुढे उभं करत. चेंडू दोरीने छताला टांगलेला असे. कितीतरी कार्डांवर ती दोरी स्पष्ट दिसते. गडी झेल घेतल्याचा आव आणून उभा, आणि चेंडू एखाद्या कंदिलासारखा लोंबकळतोय.

ॲलन अँड गिंटरच्या त्या दहांत शिकागोचा कॅप ॲन्सन होता. जुलै १८८७मध्ये नेवार्क संघाविरुद्ध सामना ठरला, तेव्हा समोर कृष्णवर्णीय पिचर (चेंडू फेकणारा) असेल तर आपण खेळणार नाही, असा त्याने हट्ट धरला. त्याच दिवशी, नेवार्क ज्यात खेळे त्या इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत, असं मतदानाने ठरवलं. पुढची साठ वर्षं हीच अघोषित भिंत मोठ्या बेसबॉलभोवती उभी राहिली. ॲन्सनचं सुबक रंगीत कार्ड आणि हा निर्णय, दोन्ही एकाच वर्षातले. कार्ड बघून यातलं काहीच कळत नाही.

१८९०मध्ये जेम्स ड्यूकने प्रमुख पाच सिगारेट कंपन्या एकत्र करून 'अमेरिकन टोबॅको कंपनी' उभी केली. स्पर्धाच उरली नाही, मग चित्रं फुकट वाटायची कशाला? काही वर्षांत कार्डं जवळपास बंद झाली. १९०१मध्ये जुन्या नॅशनल लीगच्या जोडीला अमेरिकन लीग मोठी लीग म्हणून पुढे आली, १९०३मध्ये दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली पहिली वर्ल्ड सिरीज झाली. आजच्या बेसबॉलचा सांगाडा ज्या काळात बांधला गेला, त्या काळातली कार्डं फार थोडी सापडतात. खेळ भरात होता, पण विकणाऱ्याला गरज नव्हती.

१९०९मध्ये कार्डं परत आली ती मोठ्या दिमाखात. संग्राहक ज्याला 'टी-२०६' म्हणतात तो हा संच. पांढरी चौकट, रंगीत लिथोग्राफ, जेमतेम दीड इंच रुंदी. १९११पर्यंत पाचशेहून अधिक निरनिराळी कार्डं निघाली आणि मागे सोळा सिगारेट-तंबाखूंची नावं: पिडमाँट, स्वीट कॅपोरल, पोलर बेअर वगैरे. पुढचं चित्र तेच, पण मागचं नाव दुर्मीळ असेल तर किंमत कुठल्या कुठे जाते. त्याच १९११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन टोबॅकोची मक्तेदारी मोडून तिचे तुकडे करायला लावले.

आणि वॅग्नर. पिट्सबर्ग पायरेट्सचा हा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा गडी. जर्मन स्थलांतरितांचा मुलगा, पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या मुलखातला. आठ वेळा तो आपल्या लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत पहिला आला. त्याचं चित्र छापायची परवानगी मिळवण्याचं काम कंपनीने जॉन ग्रुबर या पिट्सबर्गच्या पत्रकारावर सोपवलं होतं. वॅग्नरने नकार दिला. ग्रुबरचं नुकसान नको म्हणून त्याला मिळणार होते तेवढ्या दहा डॉलरचा चेकही सोबत पाठवला. ही हकीकत १९१२मध्ये 'द स्पोर्टिंग न्यूज'मध्ये आली होती. नकार येईपर्यंत थोडी कार्डं छापून बाहेर पडली होती. आज साठेक माहीत आहेत.

नकाराचं कारण काय, यावर वाद आहे. पोरांनी आपल्या चित्रासाठी सिगारेटी घेऊ नयेत, असं त्याला वाटलं, ही गोष्ट सगळ्यांना आवडते. पण वॅग्नर स्वतः तंबाखू चघळायचा आणि त्याचं चित्र आधी एका सिगारच्या वेष्टनावरही आलं होतं. पैशाचा प्रश्न होता, असं म्हणणारेही आहेत. पण नुसत्या पैशासाठी अडून बसलेला माणूस पदरचे दहा डॉलर घालेल का? मला तो चेक महत्त्वाचा वाटतो.

'टी-२०६' हे नाव त्या काळात कोणालाच ठाऊक नव्हतं. ते दिलं जेफरसन बर्डिक या माणसाने. सिराक्यूजमध्ये विजेच्या सामानाच्या कारखान्यात तो नोकरीला होता. लग्न नाही, सांधेदुखीने बोटं वाकडी झालेली. छापील कागदी चित्रं जमवायची आणि त्यांची सूची करायची, हा एकच ध्यास. टी म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखू, एन म्हणजे एकोणिसाव्या शतकातली, ई म्हणजे सुरुवातीची मिठाई, ही त्याचीच बाराखडी. त्याच्या सूचीत वॅग्नरची किंमत ५० डॉलर होती, आणि तेव्हा तीही अफाट वाटे. तीन लाखांहून अधिक चित्रं त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकली. त्यांत तीस हजारांवर बेसबॉल कार्डं होती. ती स्वतःच्या हाताने वह्यांत चिकटवण्यासाठी तो वर्षानुवर्षं तिथे जात राहिला. जानेवारी १९६३मध्ये काम संपलं आणि दोन महिन्यांत तो गेला. आपल्याकडे काडेपेट्यांचे छाप जमवणाऱ्यांना आईने 'कचरा' म्हणून बोल लावलेला असतो. बर्डिकचा कचरा आज जगातल्या मोठ्या संग्रहालयात आहे.

तंबाखूनंतर पाळी मिठाईची. 'क्रॅकर जॅक'ने १९१४ आणि १९१५ साली साखरेच्या पाकातल्या लाह्या-शेंगदाण्यांच्या खोक्यांत कार्डं घातली. पहिल्या वर्षीच्या कार्डांवर पाकाचे डाग इतके असतात की स्वच्छ कार्ड दिसलं तर जाणकार आधी संशय घेतो. यात 'शूलेस' जो जॅक्सनचंही कार्ड आहे. १९१९च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पैसे घेऊन हरल्याच्या प्रकरणात पुढे आठ जणांना कायमचं बाहेर काढलं, त्यांतला हा एक. खोक्यातल्या त्या कार्डावर मात्र तो अजून निष्कलंक आहे.

१९३३, महामंदीचं ऐन वर्ष. बॉस्टनच्या 'गौडी' कंपनीने एका सेंटला एक बबलगम आणि एक कार्ड विकायला काढलं. तंबाखूच्या काळात पोरं दुकानाबाहेर उभी राहून मोठ्या माणसांकडे कार्डं मागत. आता गिऱ्हाईक पोरंच झाली. संच २४० कार्डांचा, त्यात त्या काळचा सर्वांत मोठा तारा बेब रूथ चार वेळा. पोरं तेवढ्यावर खूश असावीत. पण १०६ क्रमांक काही केल्या मिळेना. कारण त्या वर्षी तो छापलाच नव्हता! संच पुरा करण्याच्या नादात पोरं गम घेतच राहिली. शेवटी ज्यांनी कंपनीला पत्रं लिहिली त्यांना दुसऱ्या वर्षी ते कार्ड, केव्हाच निवृत्त झालेल्या नॅप लाजोईचं, पोस्टाने पाठवण्यात आलं. लबाडी म्हणायची तर इतकी उघड लबाडी क्वचित पाहायला मिळते.

या सगळ्या काळात भिंतीपलीकडेही बेसबॉल चालू होतं. निग्रो लीग, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीग, यांमधल्या खेळाडूंना अमेरिकन सिगारेटवाल्यांनी किंवा गमवाल्यांनी विचारलं नाही. ऑस्कर चार्ल्सटनसारख्या दिग्गजाचं १९२३-२४चं कार्ड मिळतं ते क्यूबातलं, तिथल्या हिवाळी लीगचं. निग्रो लीगचाच दुसरा दिग्गज जॉश गिब्सन १९४७च्या जानेवारीत, पस्तिसाव्या वर्षी वारला. तीन महिन्यांनी, १५ एप्रिलला, कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन मोठ्या लीगमधल्या ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि भिंत पडली. गिब्सनचं कार्ड निघालं ते प्वेर्तो रिकोमध्ये, १९५०-५१ साली, त्याच्या मृत्यूनंतर. मे २०२४मध्ये निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदींत मिळवले गेले, तेव्हा फलंदाजीच्या .३७२ सरासरीने (म्हणजे हजार संधींत ३७२ यशस्वी फटके) गिब्सन तोवर अव्वल असलेल्या टाय कॉबच्याही वर, इतिहासात पहिला ठरला. ज्या कॉबची टी-२०६मध्ये चार-चार चित्रं आहेत, त्याच्या वर बसलेल्या माणसाचं आपल्याच देशात छापलेलं त्या काळचं गम-कार्ड नाही. कार्डांवरून इतिहास लिहिणाऱ्याने हे आधी लक्षात ठेवावं.

१९५२चा 'टॉप्स' या गम-कंपनीचा संच तिथल्या साय बर्गरने ब्रुकलिनमधल्या आपल्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहकारी वूडी गेलमनसोबत बसून जुळवला. ४०७ कार्डं, आकार मोठा, पुढे खेळाडूची सही आणि संघाचं चिन्ह, मागे गेल्या वर्षीचे आणि एकूण कारकिर्दीचे आकडे. त्या काळी सामने रोज टीव्हीवर दिसत नसत. पोरांनी आकडे पाठ केले ते या मागच्या बाजूवरून. मात्र शेवटची तुकडी, ३११ ते ४०७, बाजारात उशिरा आली. हंगाम सरत आला होता, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं. माल पडून राहिला. १९६०मध्ये गोदाम रिकामं करायचं ठरलं, तेव्हा बर्गरने ते गठ्ठे कचऱ्याच्या तराफ्यावर चढवून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे अटलांटिकमध्ये लोटले. ही गोष्ट तो स्वतःच सांगत असे. त्या तुकडीतलं पहिलंच कार्ड, क्रमांक ३११, मँटलचं. विशेष म्हणजे ते इतरांच्या दुप्पट छापलेलं होतं, आणि मँटलचं पहिलं कार्डही ते नव्हे. ते प्रतिस्पर्धी 'बोमन' कंपनीने १९५१मध्येच काढलं होतं.

टॉप्स आणि बोमन यांच्यात खेळाडूंच्या चेहऱ्यांवरून कज्जा झाला. १९५३मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की आपल्या चित्राच्या व्यापारी वापरावर माणसाचा स्वतंत्र हक्क असतो आणि तो हक्क विकता येतो. आज नटनट्या आणि क्रिकेटपटू जाहिरातीतल्या आपल्या चेहऱ्यासाठी जो हक्क सांगतात, त्याचं एक मूळ या गमच्या भांडणात आहे. १९५६मध्ये टॉप्सने बोमनच विकत घेतली आणि मैदान मोकळं केलं. खेळाडूला वर्षाला १२५ डॉलर मिळत, किंवा तेवढ्याच्या वस्तू कंपनीच्या यादीतून निवडायच्या. प्वेर्तो रिकोच्या रॉबेर्तो क्लेमेंतेला हे लोक वर्षानुवर्षं कार्डावर 'बॉब' छापत राहिले, त्याला ते आवडत नसतानाही. १९५७च्या कार्डावर हँक ॲरन डावखुरा दिसतो, कारण निगेटिव्ह उलटी लागली होती.

१९६६मध्ये पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेला मार्व्हिन मिलर खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला. त्याने आधी पगाराला हात घातला नाही, कार्डांना घातला. टॉप्स ऐकेना, तेव्हा खेळाडूंनी फोटो काढून घेणं थांबवलं. त्या एक-दोन वर्षांच्या संचांत जुनेच फोटो, बिनटोपीचे चेहरे दिसतात ते यामुळे. टोपी नसली की संघ बदलला तरी फोटो चालतो. १९६८मध्ये टॉप्स नमली: २५० डॉलर आणि विक्रीवर ८ ते १० टक्के हिस्सा. एकजूट केली तर मालक वाकतो, हे खेळाडूंना पहिल्यांदा इथे कळलं. १९७५मध्ये लवादाच्या निकालाने खेळाडू आपला संघ निवडायला मोकळे झाले, पण त्याची तालीम या बिनटोपीच्या फोटोंनी करून घेतली होती.

पुढचं थोडक्यात सांगण्याजोगं. १९८१मध्ये 'फ्लीर' आणि 'डॉनरस' या कंपन्याही बाजारात उतरल्या. गमबरोबर कार्ड विकायचा हक्क टॉप्सकडेच राहिला, म्हणून एकाने कार्डांसोबत स्टिकर दिले, दुसऱ्याने कोड्याचे तुकडे. जुन्या कार्डांना भाव आल्याचं ऐकून लोक नवी कार्डं खोक्यांनी साठवू लागले, कंपन्यांनीही अमाप छापली, आणि १९८०च्या दशकाअखेरचा तो माल आज रद्दीच्या भावातही कोणी घेत नाही. जुनी कार्डं महाग झाली ती लोकांनी जपली नाहीत म्हणून, एवढी साधी गोष्ट गुंतवणूकदारांच्या ध्यानात आली नाही.

१९९२पासून टॉप्सने पाकिटातली गम काढून टाकली. संग्राहकांचीच तक्रार होती. गुलाबी वडी लागून असलेल्या कार्डाच्या मागे डाग पडायचा आणि त्याने किंमत उतरायची.